केशरी गाडीची किंमत

८ नोव्हेंबर २००९, रविवार. गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आमच्या घरासमोर दहा वर्षं उभी असलेली जपानी स्पोर्ट्स कार माझ्या वडिलांनी एक लाख दहा हजार रुपयांना विकली. त्याच गाडीसाठी अकरा लाख रुपये द्यायला तयार असल्याचं ती घेणाऱ्या माणसानेच अठरा दिवसांपूर्वी लेखी कळवलं होतं.

गाडी १९७२ ची होती. दोन दरवाजे, लांब बोनेट, मागे उतरत जाणारी काच, सहा सिलिंडर, दोन कार्बोरेटर. बसायला दोनच जागा. रंग कारखान्यातून आलेला केशरी. आमच्याकडे आली तेव्हा तो केशरी राहिला नव्हता. उन्हात पडलेल्या जुन्या कौलासारखा दिसायचा. बोनेटच्या आतल्या बाजूला जपानी अक्षरांचा एक कागद चिकटवलेला होता. त्यावर काय लिहिलं आहे हे आमच्या घरात कुणालाही कधी कळलं नाही.

दिल्लीतल्या एका परदेशी वकिलातीतला माणूस देश सोडून गेला तेव्हा ती लिलावात निघाली. गोंदियाच्या एका तेंदूपत्ता ठेकेदाराने ती १९७८ मध्ये घेतली. बाबा त्याच्याकडे ड्रायव्हर होते. दिल्लीहून गोंदियापर्यंत ती त्यांनी चार दिवसांत आणली. ठेकेदाराला सगळे शेठ म्हणत. शेठ हंगामात जीपने जंगलात फिरायचे आणि थंडीत ही गाडी काढायचे. बालाघाट रस्त्यावर थोडं अंतर शेठ चालवायचे, मग बाजूला सरकून बसायचे आणि बाबांना म्हणायचे, "अब तू चला, मुझसे डरती है ये."

हे वाक्य बाबांनी आम्हाला किती वेळा सांगितलं याची मोजदाद नाही.

१९९९ मध्ये शेठ वारले. त्यांच्या मुलांनी ट्रक आणि जीप वाटून घेतल्या. ही गाडी कुणालाच नको होती. सुटे भाग मिळत नव्हते, पेट्रोल फार लागायचं आणि गावातल्या रस्त्यांवर तिचं पोट घासायचं. मोठा मुलगा बाबांना म्हणाला, "चाचा, आपही ले जाओ." बाबा ती ट्रॅक्टरने ओढत कुडव्याला घेऊन आले. त्याच वर्षी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला होता आणि गाडीची फाइल भंडाऱ्यातच राहिली होती. कागदपत्रं बाबांच्या नावावर व्हायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत बाबा नऊ वेळा भंडाऱ्याला गेले.

आमचं घर रस्त्याला लागून आहे. पुढे बारा फूट बाय वीस फूट मोकळी जागा होती. गाडी तिथे टिनाच्या छपराखाली उभी राहिली. दर दुसऱ्या रविवारी बाबा ती सुरू करायचे, दहा मिनिटं आवाज ऐकायचे आणि बंद करायचे. बाहेर काढायचे नाहीत.

माझा मोठा भाऊ वेल्डर आहे. तो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात गेट आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवायचा. त्याला स्वतःचं दुकान टाकायचं होतं आणि रस्त्याला लागून असलेली आमची एकमेव जागा गाडीखाली होती. २००६ पर्यंत हे भांडण होतं. त्यानंतर भांडणही राहिलं नाही. दोघं एकमेकांशी थेट बोलेनासे झाले. एकाच खोलीत बसून भाऊ आईला म्हणायचा, "माय, त्याईले विचार, का यंदा तरी हालते का ते?" बाबा आईला म्हणायचे, "सांग त्याले, मी मेल्यावर हालवजो."

दरवर्षी दिवाळीच्या आधी कबाडी यायचा. भंगार गोळा करणारा, हिंदी बोलणारा, पन्नाशीचा माणूस. गाडीभोवती एक चक्कर मारायचा आणि भाव सांगायचा. किलोवर.

"चाचा, और दो साल रखोगे तो लोहा कम, मिट्टी ज्यादा मिलेगी."

"तुले नाई देत," बाबा म्हणायचे. "कोनालेही देईन, तुले नाई."

"मेरे में क्या कमी है?"

"तू तोडते."

"तो क्या पूजा करूँ?"

कबाडी चहा पिऊन जायचा. २००९ च्या सुरुवातीला भावाने आईकरवी कळवलं की त्याने स्वतःच्या दुकानासाठी वीजजोडणीचा अर्ज केला आहे, दिवाळीनंतर टिनाखालची जागा रिकामी लागेल, आणि गिऱ्हाईक मिळालं नाही तर कबाडी घेऊन जाईल. बाबांनी एकच गोष्ट सांगितली. गाडी जाऊ दे, पण चालवणाऱ्याकडे जाऊ दे. तोडणाऱ्याकडे नको.

मी तेव्हा नागपूरला एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. आईने फोनवर सगळं सांगितलं. ऑगस्टमध्ये एका दुपारी काम नव्हतं म्हणून मी ऑफिसच्या संगणकावर गाडीचं मॉडेल शोधलं. परदेशात या गाड्या जमवणारे लोक होते. त्यांचे भाव डॉलरमध्ये होते. मी दोनदा रुपयांत रूपांतर केलं, कारण पहिल्यांदा माझं चुकलं असं वाटलं. आपल्याकडे तशा गाड्या किती आहेत याचा आकडा कुठेच नव्हता. जुन्या गाड्यांच्या एका चर्चामंचावर मी चार ओळी आणि भावाच्या मोबाइलवर काढलेले सहा फोटो टाकले.

पाच दिवसांनी पुण्याहून उत्तर आलं. कारखान्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर, जुन्या जपानी गाड्या बाळगणारे. त्यांनी किमतीबद्दल काहीच विचारलं नाही. रंग कधी बदलला आहे का, इंजिन मूळचं आहे का, चेसिस नंबर कुठे कोरला आहे आणि नीट वाचता येतो का, बोनेटखालचा कागद जागेवर आहे का, एवढंच विचारलं. मी बाबांना फोन करून एकेक विचारलं. रंग बदललेला नाही. इंजिन तेच. नंबर इंजिनच्या मागच्या पत्र्यावर, थोडा गंजलेला, पण वाचता येतो. कागद आहे.

सप्टेंबरभर ईमेलवर पत्रं सुरू राहिली. त्यातून मला कळलं ते असं. अशा गाडीची किंमत ती किती चकचकीत आहे यावर ठरत नाही, तिला किती कमी हात लागले आहेत यावर ठरते. उडालेला रंग चालतो, नवा रंग चालत नाही. नंबर जुळले नाहीत तर ती गाडी राहत नाही, सुट्या भागांचा ढीग होते.

२१ ऑक्टोबरला त्यांचं शेवटचं पत्र आलं. त्यात तीन गोष्टी होत्या. गाडी फोटोत दिसते तशी असेल तर अकरा लाख. ८ नोव्हेंबरला ते एका मेकॅनिकला घेऊन येतील. आणि तोपर्यंत गाडीला काहीही करू नये. धुऊ नये, पुसूसुद्धा नये. हे शेवटचं वाक्य ठळक अक्षरांत होतं.

दुसऱ्या दिवशी विधानसभेची मतमोजणी होती. मी सकाळी सहापासून डेस्कवर होतो. दुपारी सव्वाचारला घरी फोन केला. आईने उचलला. मी सांगितलं, अकरा लाख म्हणतात, आठ तारखेला येतात. आईने आकडा दोनदा विचारला. मागे फेरीचे आकडे सांगणारा ओरडत होता. फोन दीड मिनिटाचा होता. तिसरी गोष्ट मी सांगितली नाही. नंतर सांगू असं ठरवल्याचं मला आठवतं. नंतर फोन केल्याचं आठवत नाही.

पुढचं मला आईकडून कळलं.

आईने आकडा सांगितला तेव्हा बाबा ओसरीवर होते आणि भाऊ जेवत होता. बाबा म्हणाले, "अकरा लाख? कोन हाय तो? डोकं ठिकान्यावर हाये ना त्याचं?"

भाऊ ताटावरून म्हणाला, "डोकं तपासू नोको त्याचं, बाबा. येऊ दे."

तीन वर्षांत तो त्यांच्याशी थेट बोललेला हा पहिला प्रसंग. आईने मला तो शब्दशः सांगितला.

आमचं मूळ घर कामठ्याचं. काकांकडे शेती आहे, बैल आहेत. बैल विकायला काढायचा तर आठ दिवस आधीपासून त्याची तयारी करतात. घासून धुतात, शिंगं तासून तेल लावतात, मग रंग, नवी वेसण, नवा कासरा, गळ्यात घुंगरं. बाजारात कुणी बैल तसाच धुळीने माखलेला आणला तर लोक जवळ जात नाहीत. जनावराला काहीतरी दुखणं असेल आणि ते झाकलं जात असेल, किंवा घरच्यांनाच त्याची किंमत नसेल, असं धरलं जातं. बाबा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत अशा बाजारांना जात होते.

पुण्याहून माणूस येणार, अकरा लाख देणार, आणि गाडी अशी. त्यांनी तयारी सुरू केली.

भावाने मालकाकडून आठ दिवसांची सुटी घेतली. ग्राइंडर आणला. दोघांनी मिळून जुना रंग खरवडून काढला. खाली गंज होता तिथे भावाने ग्राइंडर फिरवला, पुट्टी भरली. बाबा पाणी लावून पॉलिश कागदाने घासायचे. चौथ्या दिवशी ट्रकच्या बॉडी रंगवणारा पेंटर आला. त्याच्याकडे केशरी होता, ट्रकचा केशरी. बाबांनी डबा उघडून बघितला आणि म्हणाले, दिल्लीत पाहिली तेव्हा अशीच होती.

पेंटरने विचारलं, "मागे काय लिहू, काका?"

"काही नोको लिहू."

"एवढी जागा हाये मागे. एक शेर लिहून देतो. फुकट."

"हे का ट्रक हाये बे?" भाऊ म्हणाला. "पुन्याचे साहेब येऊन राहिले. शेर वाचत बसतील का?"

"वाचतील तं. पढेलिखे असतील ना."

आई म्हणते, बाबा तेव्हा हसले. तिने हे सांगितलं म्हणून लिहितो. मी तिथे नव्हतो.

सीटांना लाल रेक्झिन बसवलं. जुनी कव्हरं चुलीत गेली. बोनेटखालचा कागद गरम पाण्याने निघाला नाही म्हणून रॉकेलने काढला. आरशाला काळे गोंडे बांधले. पुढे लिंबू-मिरची. सगळा खर्च भावाने केला, दुकानासाठी ठेवलेल्या पैशातून. किती झाला ते त्याने तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

सात तारखेच्या संध्याकाळी मी नागपूरहून गोंदियाला पोहोचलो. भाऊ मोटरसायकल घेऊन स्टेशनवर आला होता. घराच्या वळणावर त्याने वेग कमी केला आणि म्हणाला, "आता पाहाय."

टिनाखाली बल्ब लावला होता. बाबा नवा सदरा घालून बाजूला उभे होते.

मी पाहिलं. बाबा म्हणाले, "कशी हाये?"

मी म्हणालो, "चांगली आहे."

पुण्याचे गृहस्थ दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रिक्षाने आले. सोबत मेकॅनिक होता, त्याच्या हातात टॉर्च आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. गृहस्थ फाटकातच थांबले. गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझं एकवीसचं पत्र मिळालं होतं ना तुम्हाला?"

"मिळालं होतं," मी म्हणालो.

ते चप्पल काढून टिनाखाली गेले. मेकॅनिकने चुंबक दारावर ठेवलं, ते चिकटलं. खाली सरकवलं, तिथे पुट्टीवरून गळून त्याच्या हातात आलं. त्याने आठ-दहा ठिकाणी असं केलं. मग बोनेट उघडून इंजिनच्या मागच्या पत्र्यावर टॉर्च मारला आणि गृहस्थांना जवळ बोलावलं. नंबरातले शेवटचे दोन आकडे नव्हते. तिथे गंज होता म्हणून ग्राइंडर फिरला होता. पत्रा गुळगुळीत आणि केशरी होता.

भाऊ माझ्या शेजारी उभा होता. त्याने विचारलं, "काऊन बे? काय पाहून राहिले?"

"नंबर."

"गंजला होता तेथं. साफ केलो मी."

बाबांनी इंजिन सुरू केलं. ते पहिल्या चावीला सुरू झालं. मेकॅनिक वाकून ऐकत राहिला आणि गृहस्थांना म्हणाला, "साहेब, मशीन एक नंबर आहे." गृहस्थांनी इंजिनवरचा नंबर वहीत लिहून घेतला. तो शाबूत होता.

आईने पोहे आणले. गृहस्थांनी पूर्ण प्लेट खाल्ली. मग बाबांशी बोलले.

"काका, तुम्ही इंजिन फार जपलंय. असं मी पाहिलेलं नाही. पण रंग द्यायला नको होता."

"कायले? खराब झाला का? नवा हाये."

"नवा आहे म्हणूनच. आमच्याकडे नवा रंग दिसला की पहिला प्रश्न येतो, खाली काय झाकलंय?"

बाबा म्हणाले, "आमच्याकडे नाई दिला तं म्हणतात, काय झाकून राहिला."

एव्हाना कबाडी आला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. रस्त्यावरून जाताना रिक्षा दिसली म्हणून थांबला. शेजारचे दोघंतिघंही होते. बाबांनी खांद्यावरचा गमछा काढून उजव्या हातावर टाकला आणि झाकलेला हात गृहस्थांच्या पुढे केला. बैलांच्या बाजारात भाव असा करतात. कापडाखाली बोटं दाबून आकडा सांगायचा, चारचौघांत बोलायचा नाही. गृहस्थांनी तो हात हातात घेऊन हलवला.

बाबा वाट बघत उभे राहिले.

"चाचा," कबाडी म्हणाला, "साहब को ये नहीं आता."

कुणीतरी हसलं. बाबांनी गमछा परत खांद्यावर टाकला. गृहस्थांनी आकडा तोंडाने सांगितला, एक लाख दहा हजार. भाऊ आत निघून गेला.

बाबांनी दुसरा आकडा मागितला नाही. त्यांनी विचारलं, "याले तं नाई देनार ना?" आणि कबाड्याकडे बोट दाखवलं.

"नाही काका. भंगारवाल्याला देणार नाही."

"चालवसान?"

"इंजिन चालवणार. नक्की."

कागदांवर सह्या झाल्या. मी साक्षीदार म्हणून सही केली. फाटकाबाहेर गृहस्थ मला म्हणाले, "तुम्हाला स्पष्ट सांगतो. माझ्याकडे याच मॉडेलची एक बिनइंजिनाची गाडी आहे, तिचे नंबर व्यवस्थित आहेत. हे इंजिन तिच्यात जाईल. या बॉडीचं काय करायचं ते नंतर बघू." मी बरं म्हणालो. आत येऊन मी हे कुणाला सांगितलं नाही. ठळक अक्षरांतल्या वाक्याबद्दलही सांगितलं नाही. ते भावाला माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. फाटकात विचारलेला प्रश्न त्याने ऐकला होता.

गाडी ११ नोव्हेंबरला ट्रकवर चढवली. गोंडे आणि लिंबू-मिरची तशीच होती. बाबा ट्रकच्या ड्रायव्हरला दोनदा सांगून आले की वळणावर हळू ने, तिचं पुढचं वजन जास्त आहे.

जानेवारी २०१० मध्ये भावाने टिनाखाली वेल्डिंगचं दुकान सुरू केलं. त्या महिन्यापासून तो आणि बाबा पुन्हा आईमार्फत बोलू लागले, असं आई सांगायची. कारण तिने सांगितलं नाही.

मी दर रविवारी फोन करायचो. धान, पाऊस, आईचे गुडघे, एवढं झालं की बाबा शेवटी विचारायचे, "चालून राहिली असन ना ते?"

"चालते," मी सांगायचो.

२०१२ च्या पोळ्याला मी घरी होतो. तेव्हा त्यांनी आणखी एक विचारलं. "रंग तोच ठेवला का?"

मी म्हणालो, विचारून सांगतो. पुण्याला फोन लावला. तो क्रमांक अस्तित्वात नव्हता.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत जुन्या वाहनांच्या करावर एक बातमी करायची होती म्हणून मी परिवहन कार्यालयात गेलो होतो. काम झाल्यावर तिथल्या लिपिकाला एक जुना नंबर बघायला सांगितला. नंबर मला पाठ होता. त्याने संगणकात टाकला आणि पडदा माझ्याकडे वळवला. गाडीचा रंग केशरी, मालक पुण्याचे. नोंदणी मार्च २०१० मध्ये रद्द. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, वाहन मोडीत काढले.